गावाला धोका कशाचा, कुणाला आणि कधी? कोकणातल्या किनारी गावांत हे काम पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

इर्शाळवाडी आठवते ना? १९ जुलै २०२३ ची रात्र, रायगडमधला खालापूर तालुका, वाडी झोपेत असताना वरून दरड आली. आणि दुसऱ्या दिवशी सरकारकडूनच सांगण्यात आलं की दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच. मला ती गोष्ट अजून टोचते, कारण आपण सगळेच यादीवर विसंबून असतो, नाव नाही म्हणजे आपल्याला काही होत नाही असं धरून चालतो. यादी तालुक्याला बसून होते, माणूस राहतो वाडीत. म्हणून वाडीच्या धोक्याचा हिशोब वाडीतल्या लोकांनीच करायला हवा, आणि तो करता येतो, त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातला, गावच्या आपत्ती समितीत काही वर्षं काम करतोय. नवीन ग्रामपंचायत सदस्य, बचत गटातल्या ताई, मुंबईची नोकरी सोडून गावी परत आलेली पोरं, अशा लोकांकडून सारखं विचारणं होतं की सुरुवात कुठून करायची, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

पहिल्यांदा डोक्यात एक गोष्ट पक्की करा. पाऊस, वारा, दरड हे नुसतं संकट, तो अजून धोका नाही. धोका काढायला तीन प्रश्न लागतात: काय येऊ शकतं, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि ते आल्यावर त्या माणसाचं कितपत निभावेल. ओसाड सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी माळावर, दरड आली तर कुणाचं काही जात नाही, तीच दरड पऱ्ह्याच्या (डोंगरातून येणाऱ्या ओढ्याच्या) तोंडाशी एकट्या राहणाऱ्या आजीच्या घरावर आली तर सगळं गेलं. बरेच जण पहिल्या प्रश्नावरच थांबतात, नकाशा रंगवतात आणि काम झालं म्हणतात.

पायरी १: कागद गोळा करा, पण आठवड्याच्या वर त्यात घालवू नका

जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा जिल्ह्याच्या वेबसाईटवर असतो, २००५ च्या कायद्याने तो करणं आणि दरवर्षी बघून सुधारणं बंधनकारक आहे. डाऊनलोड करा, आपला तालुका शोधा, आपल्या गावाबद्दल जे काय दोन ओळी लिहिलेत त्या वहीत उतरवा. गावनकाशा महाभूनकाशा या सरकारी वेबसाईटवर मिळतो, किंवा तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर दरडीच्या शक्यतेचे नकाशे आहेत, ५० हजारात एक या प्रमाणाचे, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. आता तुमची अख्खी वाडी अर्ध्या किलोमीटरात बसते, तेव्हा त्या नकाशावरून डोंगराची कुठली बाजू बघायची एवढं कळतं, कुठलं घर ते कळत नाही.

मोठी नदी असेल तर जलसंपदा खात्याच्या पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. इथे एक गैरसमज फार पसरलाय. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा आला की आता शंभर वर्षं सुट्टी, असं नाही, दर वर्षी शंभरात एक शक्यता असा त्याचा अर्थ. महाड आणि चिपळूणने २००५ मध्ये एवढा मोठा पूर बघितला आणि मग २०२१ च्या जुलैत परत, मधे फक्त सोळा वर्षं. रेषेच्या बाहेर घर आहे म्हणून कुणी गाफील राहिलं तर त्याला हे जरूर सांगा.

पायरी २: जुन्या माणसांकडे बसा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. "पाणी किती आलं होतं?" असं विचारू नका, कारण उत्तर "लय आलं होतं" असंच येणार. विचारायचं की काय भिजलं आणि काय वाचलं. आमच्याकडे खाडीलगत एक आजी राहतात, मी त्यांना विचारलं, आजी, २००५ ला पाणी घरात कुठवर चढलं? तर त्या उठल्या, भिंतीतल्या देवळीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यातला दिवा विझला बाबू, तेव्हा आम्ही माळ्यावर चढलो." झालं, माप मिळालं. देवळीचा तळ जमिनीपासून किती ते टेपने मोजलं, खडूने रेघ मारली.

आता त्या एका रेघेवरून सगळ्या वाडीची पातळी काढता येते आणि त्यासाठी गवंड्याकडची लेव्हलची पाईप पुरते. पारदर्शक पाईप, पंधरा-वीस मीटर, पाणी भरायचं, मधे बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर माप चुकतं. एकाने एक टोक आजींच्या रेघेला धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक शेजारच्या भिंतीला लावून वरखाली करायचं, रेघेकडचं पाणी बरोबर रेघेवर आलं की दुसऱ्या टोकाला पाणी जिथे थांबलं तिथे खूण. मग तिथून पुढच्या घरी. आम्ही असं करत करत शाळेपर्यंत गेलो आणि सगळे गप्प झालो, कारण शाळेचा ओटा त्या रेघेच्या वर जेमतेम एक वीत निघाला. म्हणजे कागदावर जी शाळा निवाऱ्याची जागा म्हणून लिहिली होती, तिथे २००५ पेक्षा जरा जास्त पूर आला तर जमलेली माणसं पाण्यात. त्याच महिन्यात आम्ही निवारा वरच्या वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात हलवला. एवढं एक माप निघालं तरी सगळी मेहनत वसूल.

नदीचं पाणी उतारावरून येताना वरच्या अंगाला जास्त चढलेलं असतं, त्यामुळे ही रेघ फार लांब नेऊ नका, दर दोन-तीनशे मीटरवर नवीन साक्षीदार शोधा.

पायरी ३: समुद्र आणि खाडी

चक्रीवादळ म्हटलं की हल्ली सगळे निसर्गचंच उदाहरण देतात. ३ जून २०२० ला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, मंडणगड, दापोली, सगळीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या, पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पण यातून काही लोकांनी असं धरलं की वादळात वाऱ्याचंच नुकसान होतं, पाण्याचं भय नाही. हे धोकादायक आहे. हवामान खात्याने त्या दिवशी रायगड किनाऱ्याला नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर जास्त पाणी चढण्याचा इशारा दिला होता. वादळ आलं तेव्हा तिथी होती द्वादशी, भरती सकाळीच होऊन गेली होती आणि पाणी उतरत होतं. तेच वादळ पौर्णिमेला ऐन भरतीच्या वेळी आलं असतं तर? हा प्रश्न वहीत लिहून ठेवा, कारण पुढचं वादळ आपली सोय बघून येणार नाही.

भरतीची वेळ काढायची आपल्या कोळी-भंडारी मंडळींची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो पण अंदाजाला पुरतं. आता चिपळूणचा पूर बघा, २२ जुलै २०२१, आषाढ शुद्ध त्रयोदशी, पाऊणपट केलं की पावणेदहा. म्हणजे पौर्णिमा दोन दिवसांवर, उधाणाचे दिवस, घाटात रात्रभर कोसळलेला पाऊस सकाळी वाशिष्ठी नदीतून खाली येतोय आणि त्याच वेळी खाडीत भरती चढतेय, पाण्याने जायचं कुठे? वाशिष्ठीला शिवाय कोळकेवाडीकडून कोयनेच्या वीजगृहाचं पाणीही येऊन मिळतं. तुमच्या गावात खाडी असेल तर कॅलेंडरवर जून ते सप्टेंबरच्या सगळ्या अमावास्या-पौर्णिमा आणि त्यांच्या पुढचेमागचे दोन-दोन दिवस लाल पेनाने खुणा करा. त्या दिवसांत अतिवृष्टीचा इशारा आला तर तो एक पायरी वरचा समजायचा, ऑरेंज असेल तर रेड.

मग खारबंदिस्तीवरून, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधावरून, चालत जा, ओहोटीला एकदा आणि उधाणाच्या भरतीला एकदा. बांध कुठे खचलाय, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची) दारं नीट मिटतात का, खेकड्यांनी कुठे बिळं केलीत, मागे खांड गेली होती, म्हणजे बांध फुटला होता, ती दगडाने भरली की नुसत्या मातीने. आत खारं पाणी शिरलं तर त्या वर्षीचं भात जातंच, जमीन सुधारायला पुढचेही हंगाम जातात, आणि बांधालगतच्या विहिरी खारावल्या की प्यायच्या पाण्याची बोंब. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ आपल्या किनाऱ्याला धडकलंच नाही, समुद्रातून बाहेरच्या बाहेर गेलं, तरी सिंधुदुर्गात देवगड-मालवणकडे समुद्राचं पाणी वस्तीत आलं. तेव्हा वादळ आपल्याकडे येणार नाही म्हणाले की सगळं आवरून ठेवलेलं परत बाहेर काढू नका, समुद्राच्या लाटांचा इशारा वेगळा असतो आणि तो हैदराबादची इन्कॉईस संस्था देते, तो बघा. त्सुनामीचा इशाराही तिथूनच येतो. तिची शक्यता कमी आहे पण नाहीच असं नाही, नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

बंदरावर लागणारा वादळाच्या इशाऱ्याचा बावटा गावातल्या पोरांना परत शिकवा. तीन नंबर लागला म्हणजे वाईट हवा आपल्याच बंदरावर येऊ शकते, होड्या समुद्रात न्यायच्या नाहीत. हे खलाश्यांना माहीत असतं, किनाऱ्यावर होमस्टे चालवणाऱ्यांना बऱ्याचदा नसतं.

पायरी ४: डोंगर

इथे घाई करू नका, दोन-तीन दिवस द्या. कोकणात वर जांभा, खाली चिकणमातीचा थर आणि त्याच्याखाली काळा दगड, असं बऱ्याच ठिकाणी असतं. जांभ्यातून पाणी झिरपून खाली जातं, मातीपाशी अडतं, आणि तो थर साबणासारखा होतो. वरून झाडी हिरवीगार दिसते म्हणून डोंगर घट्ट आहे असं नाही. तळिये गावावर २२ जुलै २०२१ ला दरड आली, ऐंशीच्या वर माणसं गेली. त्याआधी २५-२६ जुलै २००५ ला महाड तालुक्यातच दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. एकाच तालुक्यात परत परत, म्हणजे डोंगराची जात बदलत नाही.

काय बघायचं? घरामागचा उतार मोबाईलमधल्या लेव्हलच्या ॲपने मोजा, साधारण २५ अंशांच्या पुढे असेल तर खूण करा. वर सड्यावर जाऊन जमिनीला भेगा आहेत का बघा, विशेषतः धनुष्यासारख्या वाकलेल्या, उताराला आडव्या. झाडं, विजेचे खांब खालच्या अंगाला कललेत का. घराचा दरवाजा, जो आधी नीट लागायचा, तो आता अडकतोय का. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, किंवा कधी नव्हता तिथे झरा फुटला, किंवा भर पावसात पऱ्ह्याचं पाणी एकदम कमी झालं, यातलं शेवटचं दिसलं तर तपासत बसू नका, वर कुठेतरी माती-झाडांनी वाट अडलेली असू शकते, आधी माणसं हलवा.

आणि मागच्या पाच वर्षांत जेसीबी कुठे कुठे फिरला त्याची यादी करा. रस्ता, बागेचे टप्पे, बंगल्याचा प्लॉट, नळाची लाईन. डोंगराचा पायथा कापला की वरचा भार कशावर राहणार? माझ्या ओळखीतल्या एका वाडीत नवीन रस्त्याचं कटिंग उभंच्या उभं सोडून दिलं होतं, गटार नाही, भिंत नाही, पहिल्याच पावसात माती खालच्या गोठ्यात आली, दोन गुरं दगावली. रस्ता करणाऱ्यांचं म्हणणं आराखड्यात भिंत नव्हती. म्हणून काम सुरू असतानाच ग्रामसभेत विचारा, नंतर विचारून गुरं परत येत नाहीत.

भूकंपाचंही इथेच बघून घ्या. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना आठवतो. मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंती, आतबाहेर सुटलेले कोपरे, वर जड कौलारू छप्पर, अशी घरं वेगळी नोंदवा.

वणवा आणि वीज यांच्यावर फार लिहीत नाही. सड्यावर गवत कुठवर वाढतं आणि काजू-आंब्याची कुठली बाग त्याला लागून आहे ते मार्चच्या आधी बघा. वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये टाका, मे-जूनचे वळीव आणि परतीचा पाऊस या दिवसांत शेतावरची माणसं सगळ्यात उघड्यावर असतात.

पायरी ५: वाटेत कोण आहे

आता घरोघर फिरायचं. एका वहीत घराला एक पान. किती माणसं, वय काय, कुणाला चालता येत नाही, कोण गरोदर आहे, कुणाचं डायलिसिस किंवा इन्सुलिन चालू आहे, गुरं किती, छप्पर पत्र्याचं की कौलाचं की स्लॅबचं, फोन कुणाचा आणि रेंज कुठल्या कंपनीची. आपल्या गावांत एक गोष्ट वेगळी आहे, कर्ती माणसं मुंबईला, गावात म्हातारी माणसं आणि बाया-पोरं, आणि प्रत्येक चौथं घर कुलूपबंद. रात्री दोन वाजता झाड कापायला, आजोबांना उचलायला कोण, हा प्रश्न पावसाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. आम्ही मोजलं तर एका वाडीत पावसाळ्यात उचलून न्यायला लागतील अशी माणसं सहा आणि उचलू शकतील असे पुरुष चार निघाले. लगेच शेजारच्या वाडीतल्या पोरांशी बोलून जोड्या लावून टाकल्या.

आणि हे पान वर्षभर सारखं राहत नाही. गणपतीत चाकरमानी आले की वाडी दुप्पट होते, तीही ऐन पावसात, आणि त्या माणसांना गेल्या वर्षी कुठे भेग पडली ते माहीत नसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे जूनच्या वादळात होड्या किनाऱ्याला असतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हाही वादळांचा काळ आणि तेव्हा होड्या समुद्रात. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ आठवा, कितीतरी खलाशी समुद्रातच सापडले. म्हणून बारा महिन्यांचा तक्ता करा, कुठल्या महिन्यात काय येतं आणि तेव्हा माणसं कुठे असतात.

पायरी ६: गुण द्यायचे, पण डोकं वापरून

प्रत्येक घराला तीन गोष्टींचे एक ते तीन गुण: कितीदा येतं, आलं तर किती जोरात, आणि घरातल्यांना झेपेल का, जितकं वाईट तितके गुण जास्त. तिन्हींचा गुणाकार. सत्तावीस सगळ्यात वाईट, एक सगळ्यात बरं. दरवर्षी अंगणात पाणी येतं पण घरात धडधाकट माणसं आहेत, ते घर तीनावर राहील, ठीक.

पण दरडीला हा हिशोब लावू नका असं माझं ठाम मत आहे. दरड कदाचित पन्नास वर्षांत एकदाच येईल, म्हणून कितीदाला एक गुण मिळेल आणि घर यादीत खाली जाईल. ती एकदाच येते आणि माणूस उरत नाही. तेव्हा डोंगराच्या खुणा दिसलेली घरं थेट पहिल्या पानावर, गुणाकार नाही. त्यांच्यासाठी तहसीलदारांकडे लेखी अर्ज करून भूवैज्ञानिकांची पाहणी मागा, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का बघून घ्या.

पायरी ७: पाऊस स्वतः मोजा

तालुक्याचा आकडा तुमच्या खोऱ्याचा नसतो. उभ्या सरळ बाजूंची प्लास्टिकची बरणी, उघड्यावर, झाड आणि पागोळ्या यांपासून लांब, तळाला दगड बांधून. रोज सकाळी साडेआठला पट्टीने उंची मोजायची, हवामान खात्याचा दिवसही साडेआठलाच बदलतो. बरणीचं तोंड केवढं आहे याने फरक पडत नाही, बाजू सरळ हव्यात एवढंच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार, हे खात्याचे टप्पे. शाळेतल्या पोरांना हे काम द्या, इतकं मनापासून करतात की विचारू नका. आमच्या पहिल्या पानावरच्या घरांसाठी आम्ही २०४ ची वाट बघत नाही, आधीचे तीन दिवस सतत पाऊस असेल आणि सकाळच्या बरणीत शंभरच्या पुढे निघालं तर त्या रात्री ती माणसं देवळात झोपतात. हा आमचा नियम, कुठल्या पुस्तकातला नाही, तुम्ही तुमचा ठरवा आणि तो कमीच धरा. बऱ्याच रात्री काहीच होणार नाही, लोक कुरकुर करतील, चहा-बिस्किटांची सोय ठेवा म्हणजे पुढच्या वेळीही येतील.

पायरी ८: वही सगळ्यांसमोर वाचा

मे महिन्याच्या ग्रामसभेत घर-घर नाव घेऊन वाचा. कुणाच्या आजारपणाचा उल्लेख मोठ्याने नको, ते पान फक्त आशाताई आणि पोलीस पाटलांकडे. गावनकाशा मोठा करून भिंतीवर लावा, लोकांना बोट ठेवून दुरुस्त्या करू द्या, आमच्याकडे पहिल्या वाचनात अकरा चुका निघाल्या, त्यातला एक तर आम्ही ठरवलेल्या बाहेर पडायच्या वाटेवरचा साकव (छोटा पूल) होता जो पावसात दरवर्षी पाण्याखाली जातो आणि ते फक्त दूध घालायला जाणाऱ्या वहिनींना माहीत होतं.

शेवटी तीन प्रती काढा, एक ग्रामपंचायतीत, एक पोलीस पाटलांकडे, एक निवाऱ्याच्या जागी प्लास्टिकच्या पिशवीत. पहिल्या पानावर जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्य १०७०, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. निसर्गनंतर टॉवर बंद पडून मोबाईल चाललेच नव्हते, म्हणून त्याच पानावर हेही लिहा की फोन लागला नाही तर तालुक्याला निरोप घेऊन कोण जाणार, कुठल्या वाटेने, आणि तो माणूस गावात नसेल तर त्याच्या जागी कोण. सोबत झाडं कापायची करवत, तिचं पेट्रोल आणि ती चालवता येणाऱ्या दोघांची नावं. करवत मे मध्ये एकदा सुरू करून बघा.